तळटीप : बॉस्टनचे फिलीन
१. एडवर्ड फिलीन (१८६०–१९३७). मूळ मजकुरात यांची ‘बॉस्टनचे दुकानदार’ एवढ्यावरच बोळवण झाली आहे. वडील विल्यम हे प्रशियातून अमेरिकेत आलेले ज्यू. त्यांच्या आजारपणामुळे एडवर्ड यांचे हार्वर्ड हुकले आणि ते दुकानात बसले. पुढे धाकटे बंधू लिंकन यांच्यासह त्यांनी त्याचे मोठे डिपार्टमेंट स्टोअर केले.

खरी गंमत तळघरात होती. १९०९ च्या सुमारास तिथे सुरू झालेल्या विभागात माल १२ दिवस पडून राहिला की किंमत २५ टक्के उतरे, १८ दिवसांनी ५०, २४ दिवसांनी ७५. ३० दिवसांनंतरही उरलेले धर्मादाय. घासाघीस नाही. थांबायचे की आजच उचलायचे, हा जुगार गिऱ्हाइकाचा!

आपल्या वाचकांना जवळचा वाटेल तो मात्र त्यांचा १९०७ चा हिंदुस्थान प्रवास. सहकारी पतसंस्थांचा कायदा इथे १९०४ मध्येच झाला होता, आणि सावकाराच्या विळख्यातून शेतकऱ्याला सोडवू पाहणाऱ्या बंगालमधील पतपेढ्या फिलीन यांनी पाहिल्या. १९०९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने क्रेडिट युनियनचा, म्हणजे अशाच पतसंस्थांचा, कायदा केला, त्यामागे त्यांचाही जोर होता. १९२८ मध्ये भागीदारांनी त्यांना दुकानाच्या कारभारातून दूर केले. पतसंस्थांचा प्रसार त्यांनी सोडला नाही. त्यांचा अमेरिकाव्यापी कायदा १९३४ मध्ये झाला.