हंसगीताची गोष्ट

ज्या शब्दाचा जन्म आपल्या भाषेंत झालेला नाहीं असा शब्द एकदां रुळला म्हणजे त्याचें कुळ कोणी विचारीत नाहीं. ‘हंसगीत’ हा अशांपैकींच एक. कवीचा शेवटचा संग्रह निघाला, नटानें अखेरची भूमिका केली, गवयाची शेवटची मैफल झाली, कीं आमचे वृत्तपत्रकार व समीक्षक त्यास हंसगीत म्हणून मोकळे होतात. परंतु हंस मरतांना गातो ही समजूत आमची नव्हे. आमच्या हंसानें नीरक्षीर निवडावें, मोत्यांचा चारा खावा, सरस्वतीस पाठीवर घ्यावें, पावसाळ्याच्या आरंभीं मानसाची वाट धरावी, आणि फार तर प्रेमिकांचे निरोप पोंचवावे. मरणकाळीं गावें असें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. ही कामगिरी त्याच्याकडे इंग्रजी विद्येबरोबर आली. ती विद्या शिकविण्यांतच आमचीं वर्षें गेल्यामुळें या शब्दाची जरा झडती घ्यावी असें आम्हांस वाटतें; आणि त्यासाठीं निमित्त म्हणून, चेलो व पियानो या वाद्यांवर वाजविली जाणारी तीनेक मिनिटांची एक चीज आम्ही येथें पुढें ठेवितों.

या चिजेचा कर्ता कामीय सँ-साँस हा फ्रेंच संगीतकार. जन्म पॅरिस येथें १८३५ सालीं, मृत्यु १९२१ सालीं अल्जीर्स येथें. १८८५-८६ च्या हिवाळ्यांत तो जर्मनीच्या दौऱ्यावर होता. वाग्नरच्या संगीताविषयीं त्यानें कांहीं कडक उद्गार काढले होते, ते जर्मन श्रोत्यांस झोंबले होते, आणि दौरा फसला. खिन्न मनानें तो १८८६ च्या फेब्रुवारींत ऑस्ट्रियांतील एका लहान गांवीं जाऊन राहिला, व तेथें त्यानें निव्वळ गंमत म्हणून ‘प्राण्यांचा उत्सव’ ही चौदा तुकड्यांची रचना लिहून काढली. वस्तुतः त्याच सुमारास त्याची तिसरी सिंफनी पुरी व्हावयाची होती. त्याच वर्षीं मे महिन्यांत ती लंडनांत वाजली. मोठें काम बाजूस सारून हा गंभीर गृहस्थ सिंह, कोंबड्या, हत्ती आणि कांगारू यांच्या मागें लागला, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते. त्यानें कासवाकडून एक प्रसिद्ध धिंगाण्याचें नृत्य अतिशय संथ लयींत करविलें आहे; ‘लांब कानांच्या व्यक्ती’ म्हणजे टीकाकारच असें पुष्कळांचें मत आहे; आणि प्राण्यांच्या यादींत त्यानें सरगम घोकणारे पियानोवादकही बसविले आहेत. या सगळ्या चेष्टेंत तेरावा तुकडा हंसाचा. तेवढ्यांत मात्र चेष्टा नाहीं.

मार्च १८८६ मध्यें शार्ल लबूक नांवाच्या चेलोवादकानें आपल्या मित्रमंडळींसाठीं जो खासगी जलसा केला, त्यांत ही रचना प्रथम वाजली. पुढें सँ-साँसनें ती जाहीरपणें वाजविण्यास व छापण्यास मनाई केली. आपण गंभीर संगीतकार म्हणून जें नांव मिळविलें आहे त्यास या थट्टेनें बट्टा लागेल, अशी त्यास भीति होती. अपवाद एकाचा: ‘हंस’ तेवढा १८८७ सालीं चेलो व पियानो यांसाठीं छापून निघाला. बाकीचे सर्व प्राणी पस्तीस वर्षें पेटींत कोंडून राहिले. धन्याच्या मृत्यूनंतर १९२२ सालीं ते बाहेर आले. आणि आज दैवगति अशी कीं, ज्या सिंफनीची त्यास प्रतिष्ठा होती तिच्यापेक्षां ज्या थट्टेची लाज होती तीच सामान्य श्रोत्यांस अधिक ठाऊक आहे.

आतां चीज कशी आहे तें पाहूं. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळांतलें, परंतु खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्यें धरून वाजवावयाचें वाद्य; चार तारा, गज, आणि आवाज पुरुषाच्या गळ्याच्या जवळचा. ज्यानें सारंगी ऐकिली आहे त्यास या वाद्याची ओळख करून घेण्यास अडचण पडूं नये, जरी सारंगीची करुण चिरफाड चेलोंत नाहीं व चेलोचा भरदार गाभा सारंगींत नाहीं. मूळ रचनेंत चेलोच्या साथीस दोन पियानो आहेत: एकावर जलद स्वरांच्या बारीक लहरी चालू असतात, तर दुसरा स्वरसमूह उलगडून सोडतो. हें पाणी. त्या पाण्यावर चेलोची एकच लांब ओळ चालते. ती आरंभीं वरच्या षड्जावरून वळणें घेत खालीं उतरते आणि तेथून संथपणें पुनः वर चढते. सहा मात्रांचें आवर्तन, अशीं सारीं अठ्ठावीस आवर्तनें. त्यांतच सर्व आटोपतें. सहा मात्रा म्हटल्यावर आमच्या वाचकांस दादरा आठवेल, परंतु येथें ठेका मुळींच जाणवूं द्यावयाचा नसतो. पाण्याखालीं पाय हलत असतात, तो हिशेब पियानोकडे; वरची मान स्थिर, ती चेलोकडे. रचनाकारानें गतीची सूचना लिहिली ती सुद्धां मध्यम चालीची व डौलाची, शोकाची नव्हे. मरणाचा एकही स्वर आम्हांस या चिजेंत सांपडला नाहीं. शेवटीं चेलो वरच्या स्वरावर जाऊन विरतो, तो तळ्याच्या दुसऱ्या कांठाकडे गेलेला पक्षी दिसेनासा व्हावा तसा.

मग हा हंस मेला केव्हां? त्याचें उत्तर तारखेनिशीं देतां येतें. रशियांतील नृत्यरचनाकार मिखाइल फोकीन हा घरीं मँडोलिनवर हीच चीज घोटीत असे. ॲना पाव्हलोव्हा या नर्तिकेनें एका जलशासाठीं त्याच्याकडे नाच मागितला, तेव्हां त्यानें हीच चीज सुचविली आणि कांहीं मिनिटांत नाच बसवून दिला. ही गोष्ट पूर्वी १९०५ ची मानीत. नंतरच्या संशोधकांनीं पहिला जाहीर प्रयोग १९०७ च्या डिसेंबरांत सेंट पीटर्सबर्ग येथें झाल्याचें दाखविलें आहे. आरंभीं नाचाचें नांवही केवळ ‘हंस’ असेंच होतें. ‘मरणोन्मुख हंस’ हें पुढचें. पाव्हलोव्हेनें हा नाच जगभर सुमारें चार हजार वेळां केला असें सांगतात. बोटांच्या टोकांवर थरथरत चालणारी, पंख फडफडवीत अखेर जमिनीवर मिटून जाणारी ती शुभ्र आकृति एकदां लोकांच्या डोळ्यांत बसली, आणि तेव्हांपासून डोळ्यांनीं कानांवर राज्य केलें. पाव्हलोव्हेच्या कलेविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु एका थोर कलावतीनें दुसऱ्या कलावंताच्या जिवंत पक्ष्यास चार हजार वेळां मारावें आणि श्रोत्यांनीं तोच मूळ अर्थ समजावा, हें इतिहासाच्या दृष्टीनें नोंदून ठेवण्यासारखें आहे. १९३१ च्या जानेवारींत हेग येथें ती वारली, तेव्हां तिनें आपला हंसाचा पोशाख मागितला अशी आख्यायिका झाली. आख्यायिकेस सुद्धां तोच शेवट हवा होता.

फोकीनला ही कल्पना नवी शोधावी लागली नाहीं. ती युरोपांत दोन हजार वर्षांहून जुनी होती. ग्रीक नाटककार इस्किलस याच्या ‘ॲगॅमेम्नॉन’ नाटकांत मारल्या गेलेल्या कॅसँड्रेस हंसाची उपमा दिलेली आहे. प्लेटोच्या ‘फीडो’ संवादांत सॉक्रेटीस विषाचा पेला येण्याची वाट पाहत असतां याच विषयावर बोलतो. आणि त्याचें म्हणणें आमच्या हंसगीतवाल्यांनीं अवश्य पाहावें. त्याच्या मतें, हंस दुःखानें गातात हा माणसांनीं आपल्या मृत्युभयापोटीं त्यांच्यावर केलेला खोटा आरोप आहे. ते अपोलोचे पक्षी, त्यांस पुढचें दिसतें, म्हणून ते आनंदानें गातात. पहिल्या शतकांतल्या प्लिनीनें तर निरीक्षणाच्या आधारें ही सर्वच गोष्ट खोटी ठरविली. म्हणजे समजुतीचा जन्म व तिचें खंडन हीं जवळ जवळ बरोबरच वाढलीं, आणि नेहमींप्रमाणें समजूत जगली. युरोपच्या बागांतून पाळला जाणारा जो हंस तो तर ‘मुका हंस’ म्हणूनच ओळखला जातो. तो फुसकारतो, आणि उडतांना त्याच्या पंखांचा घुमारा ऐकूं येतो, इतकेंच. उत्तरेकडील दुसरी जात मात्र तुतारीसारखी ओरडते. तिची श्वासनलिका उरोस्थींत वेटोळें घालून बसलेली असते, आणि शेवटचा श्वास तींतून जातांना सूर निघत असावा, असा तर्क कांहीं पक्षिविदांनीं केला आहे.

सँ-साँसच्या आधीं व नंतरही युरोपांत हंस पुष्कळ झाले. शूबर्टच्या अखेरच्या गीतांच्या संग्रहास ‘हंसगीत’ हें नांव त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशकानें दिलें, त्यानें नव्हे. नॉर्वेच्या ग्रीगनें १८७६ सालीं इब्सेनच्या कवितेस चाल दिली. त्यांतला मुका हंस अखेरीस गातो. फिनलंडच्या सिबेलियसचा हंस मृत्युलोकाच्या काळ्या नदीवर तरंगतो. या सर्वांहून आम्हांस अधिक लक्षणीय वाटतो तो ब्राझिलच्या व्हिला-लोबोस याचा ‘काळ्या हंसाचें गीत’ हा १९१७ सालचा तुकडा, कारण तोही चेलो व पियानो यांसाठींच आहे, आणि त्यांत पियानोचें पाणी सँ-साँसच्या तळ्यापेक्षां कितीतरी गढूळ व अस्वस्थ आहे. काळा हंस ही रोमन कवींच्या काळीं अशक्यतेची उपमा होती. १६९७ सालीं डच खलाशांनीं ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर तो प्रत्यक्ष पाहिला.

आतां आमच्या घरच्या हंसाकडे वळूं. तो युरोपचा हंस आहे काय? अमरकोशांत राजहंसाचें लक्षण दिलें आहे: रंग पांढरा, चोंच व पाय तांबडे. युरोपच्या हंसाचे पाय काळे असतात. एवढा एकच धागा ओढला तरी इंग्रजी भाषांतरकारांनीं विणलेलें सगळें वस्त्र उसवूं लागतें. युरोपचा हंस हिंदुस्थानांत वायव्येकडे क्वचित् एखाद्या कडक हिवाळ्यांत भरकटत येतो. उलट, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब दर हिवाळ्यांत हिमालय ओलांडून येतो, आणि पैठणच्या जायकवाडी जलाशयावर त्याचे थवे कोणासही पाहतां येतात. मानससरोवराहून येणारा पक्षी कोण, हें त्याच्या प्रवासावरूनच समजावें. डच पंडित फोगेल यानें याच विषयावर लिहिलेल्या व १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत, भारतीय वाङ्मय व शिल्प यांतला हंस तो मुख्यतः हाच कुळांतला, म्हणजे कलहंस, असें प्रतिपादिलें. युरोपीय पंडितांस तें पटण्यास जड गेलें, कारण त्यांच्याकडे कलहंस हा मूर्खपणाचें प्रतीक व सणाच्या ताटांतला पदार्थ. उपमेची प्रतिष्ठा राखण्यासाठीं त्यांनीं पक्षीच बदलला.

आमच्या विदर्भास तर या पक्ष्याचा विशेष अभिमान असावयास हवा. कारण महाभारतांतला हंस नलाचा निरोप घेऊन आला तो याच देशीं, दमयंतीकडे. त्या मूळ कथेंत हंसाचा विलाप नाहीं. तो बाराव्या शतकांतल्या श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरितां’त येतो, आणि मराठींत रघुनाथपंडितांच्या आख्यानानें तो घरोघरीं नेला. नलाच्या हातीं सांपडलेला सोनेरी हंस मरण समोर पाहून बोलतो. परंतु बोलतो तें स्वतःविषयीं नव्हे. घरीं वृद्ध आई आहे, बायको नुकतीच प्रसवली आहे, पिलांचे डोळे अजून उघडलेले नाहींत, त्यांचें काय होईल? नलाचें हृदय द्रवतें व तो त्यास सोडून देतो. मृत्यूच्या दारांत हंसानें तोंड उघडल्याचें आमच्याकडील हें ठळक उदाहरण. त्याचा परिणाम मरणांत न होतां सुटकेंत होतो, आणि त्या सुटकेंतून एक स्वयंवर घडतें.

दुसरें उदाहरण आम्हां बुलढाण्याच्या लोकांस आणखी जवळचें आहे. आमचें गांव ज्या डोंगररांगेवर वसलें आहे, तिच्याच पश्चिमेच्या अंगास अजिंठ्याचीं लेणीं आहेत. त्यांतलें सतरावें लेणें पांचव्या शतकांत वाकाटक हरिषेणाच्या काळीं त्याच्या एका मांडलिकानें खोदविलें. आणि या वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आमच्या शेजारचें वाशीम. त्या लेण्यांत हंसजातक चितारलेलें आहे. राणी खेमा हिला स्वप्नांत सोनेरी हंस धर्म सांगतांना दिसतो. राजा पारध्याकरवीं फांस लावतो. हंसांचा राजा अडकतो. बाकीचा थवा उडून जातो, परंतु सेनापति सुमुख त्यास सोडून जात नाहीं. तें पाहून पारधी फांस काढतो, आणि दोघे आपण होऊन राजसभेंत जातात व तेथें राजास उपदेश करतात.

संगीतांतही हीच गोष्ट. दाक्षिणात्यांच्या हंसध्वनि रागाचें कर्तृत्व अठराव्या शतकांतल्या रामस्वामी दीक्षितांस देतात. उत्तरेकडे तो भेंडीबाजारच्या अमान अली खांसाहेबांनीं मुंबईंत रुळविला. मध्यम व धैवत वर्ज्य, बाकीचे पांचही स्वर शुद्ध. दक्षिणेंत मैफलीच्या आरंभीं गणेशस्तवनासाठीं तो गातात. युरोपांत हंसाचा सूर शेवटीं, आमच्याकडे आरंभीं!

मुंबईंत २००६ सालीं सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, आणि आज चेलो प्रत्यक्ष ऐकावयाचा तर महाराष्ट्रांत तेंच मोठें ठिकाण. बुलढाण्यास तो ध्वनिमुद्रिकेवरच ऐकावा लागतो; त्यांत तोटा आहे तसा एक फायदाही आहे, तो हा कीं, समोर नर्तिका नसते. पाव्हलोव्हेचें हिंदुस्थानाशीं नातें याहून निराळें व अधिक फलदायी होतें. १९२३ सालीं लंडनांत तिनें तरुण उदयशंकरांस बरोबर घेऊन राधाकृष्णाचें नृत्य केलें. १९२८ सालीं मुंबईंत तिचा प्रयोग रुक्मिणीदेवींनीं पाहिला, आणि पुढें एकाच बोटीवरील प्रवासांत दोघींची ओळख झाली. त्याच १९२३ सालीं तिच्या मंडळीनें अजिंठ्याच्या चित्रांवरून एक नृत्यनाट्यही रंगभूमीवर आणलें.