न उघडणाऱ्या लॅपटॉपमधलं जामसर

२६ एप्रिल १९९९ हा सोमवार होता. त्या दिवशी ऑफिसात येऊन ज्यांनी कॉम्प्युटर चालू केला, त्यांतल्या अनेकांच्या समोर काळा पडदा आला आणि तसाच राहिला. तैवानमधल्या चेन इंग-हाउ नावाच्या विद्यार्थ्याने वर्षभरापूर्वी लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या तारखेची वाट बघत मशीनमध्ये बसला होता. चेर्नोबिलच्या अपघाताचीही तारीख २६ एप्रिलच, म्हणून लोकांनी त्याचं नाव चेर्नोबिल ठेवलं. पायरेटेड सीडी जिथे हातोहात फिरत होत्या तिथे फटका मोठा बसला: दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, बांगलादेश आणि अर्थात आपण.

या व्हायरसने केलं काय, तर हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या एक एमबी जागेवर शून्यं लिहिली. (जमलं तर मदरबोर्डवरची बायोस चिपही पुसली, पण ते दुखणं वेगळं.) डिस्क चार जीबीची असो की आठ, पुसली गेली ती फक्त पहिली एक एमबी. बाकी सगळं जागच्या जागी होतं. पण त्या पहिल्या एमबीतच डिस्कचे भाग कुठून कुठे आहेत त्याचा तक्ता असतो आणि कॉम्प्युटर चालू झाल्यावर पहिल्यांदा वाचायचा छोटा प्रोग्रामही तिथेच असतो. वेशीवरची पाटी आणि तलाठ्याचं दप्तर दोन्ही जळालं, गाव मात्र शाबूत, अशी ही गत.

त्यातून बाहेर पडायची वाटही तिथल्याच रचनेत होती. त्या काळच्या विंडोजची फॅट पद्धत कुठली फाईल कुठे आहे याच्या यादीच्या दोन प्रती ठेवायची. डिस्क मोठी असेल तर पहिली प्रतच एक एमबीपेक्षा मोठी भरायची, म्हणजे दुसरी प्रत व्हायरसच्या तडाख्याबाहेर सुखरूप. अमेरिकेत स्टीव्ह गिब्सन यांनी ही दुसरी प्रत शोधून डिस्क पुन्हा उभी करणारा प्रोग्राम लिहिला आणि फुकट वाटला. ज्यांनी तोवर धीर धरला त्यांच्या फाईली परत आल्या. ज्यांनी घाईने डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं, त्यांच्या गेल्या.

डेटा रिकव्हरीचा सगळा इतिहास मला या एका सोमवारात दिसतो. मशीन मेलं म्हणजे माहिती मेली, हे समीकरण चुकीचं आहे. बहुतेक वेळा मरतो तो पत्ता.

आपल्याकडे हे ज्ञान कॉलेजांच्या आधी दुरुस्तीच्या दुकानांत आलं. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले. शाळा दहावीच्या आसपास सुटलेली. दुकानात येणारी कितीतरी मशीन खराब नसायचीच, त्यांत व्हायरस असायचा. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटरचं शिक्षण घेत होता, त्याने मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसवर उतारा लिहिला. हा व्हायरस डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये राहायचा आणि दर ६ मार्चला, म्हणजे मायकेलअँजेलोच्या वाढदिवसाला, डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर भलतंच काहीतरी लिहून टाकायचा. त्या दुकानातून पुढे क्विक हील ही कंपनी उभी राहिली आणि २०१६ साली शेअर बाजारात गेली. गंमत म्हणजे पीसीवरचा पहिला गाजलेला बूट सेक्टर व्हायरस, ब्रेन, १९८६ साली लाहोरमधल्या दोन भावांनीच लिहिला होता. भावांच्या जोड्यांचा या धंद्याशी काय संबंध असावा, कुणास ठाऊक.

माझा संबंध आला तो जामसरमुळे. जव्हार तालुक्यातलं हे गाव. आमच्याकडचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळा पाडा नुसतं गुरुजी म्हणतो, त्यांचा लॅपटॉप पावसाळ्यात एके दिवशी चालू व्हायचा थांबला. काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, बूट करण्यासारखं काही सापडत नाही एवढाच त्यांचा अर्थ. शहरातल्या एका दुकानात नेला तर फॉरमॅट करावा लागेल असं सांगितलं गेलं. गुरुजींनी तो तसाच पिशवीत घालून परत आणला.

"फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं ना रे?" त्यांनी मला फोनवर विचारलं. "मग नको. त्यात जबाब आहेत."

हे जबाब समजून घ्यायला २००६ सालच्या वनहक्क कायद्याकडे जावं लागतं. जंगलजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासींचा हक्क या कायद्याने मान्य केला. अट अशी, की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन तुमच्या ताब्यात हवी आणि ती जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत मिळेल. पण पुरावा कुठून आणायचा? जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर नाचणी-वरई पिकवणाऱ्या माणसाकडे सातबारा नसतो, आणि नाही म्हणूनच तर दावा करायचा असतो. कुणाकडे एकसाली प्लॉटची जुनी पावती असायची, कुणाकडे वनखात्याने केलेल्या दंडाची. दंडाची पावती हाच ताब्याचा पुरावा ठरायचा, कारण त्या वर्षी तुम्ही तिथे होतात हे सरकारनेच लिहून दिलेलं. कायद्याच्या २००८ सालच्या नियमांत मात्र एक शहाणपणाची तरतूद होती. विहीर, बांध, स्मशान, देवस्थान यांसारख्या खुणा पुरावा म्हणून चालतील, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर तेही चालेल. मात्र पुरावे एकाहून अधिक हवेत.

म्हणजे म्हातारी माणसं हा दस्तऐवज झाली. २००८-०९ च्या सुमारास गुरुजी संध्याकाळी पाड्यापाड्यावर जाऊन बसायचे, वहीत लिहून घ्यायचे आणि मग डीटीपीवाल्याकडून टाईप करून घ्यायचे. सही-अंगठ्याचे कागद दाव्यांबरोबर गेले. फाईली आधी पेन ड्राईव्हवर आल्या, मग या लॅपटॉपवर. वह्यांची वाळवीने माती केली.

बरेच दावे नामंजूर झाले. मग १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला, देशभर गदारोळ झाला आणि २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. त्या पंधरा दिवसांत आमच्याकडे अनेक घरांनी ट्रंका उपसल्या. दावा पुन्हा तपासला जाणार असेल तर जुना कागद हवा, आणि ज्यांनी जबाब दिले ती माणसं तोवर बहुतेक गेलेली. पुन्हा विचारायला कुणी नव्हतंच.

मी शनिवारी पोचलो. लॅपटॉप जुना, त्यात फिरणारी हार्ड डिस्क. हे नशीबच म्हणायचं. आजच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात फाईल डिलीट केली की थोड्याच वेळात चिप ती जागा खरोखर साफ करून ठेवते. शिवाय अनेक नव्या मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, रिकव्हरी की नसेल तर आत आहे ते सगळं दगड. तुमच्या लॅपटॉपची ती की कुठे आहे, हे आज रात्री बघून ठेवा, एवढं एक सांगतो आणि पुढे जातो.

फिरणाऱ्या डिस्कची तऱ्हा वेगळी. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क विकली तेव्हा चोवीस इंची पन्नास तबकड्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरं मावायची. तबकडी लहान होत गेली, तत्त्व तेच राहिलं: चुंबकीय ठिपका एकदा उमटला की त्यावर दुसरं काही लिहीपर्यंत तो तिथेच असतो. याचा सगळ्यात टोकाचा दाखला कोलंबिया यानाचा. कल्पना चावला ज्यात गेली तेच यान. १ फेब्रुवारी २००३ ला ते आकाशात फुटलं आणि त्याचे तुकडे टेक्सासभर पडले. काही महिन्यांनी एका कोरड्या तळ्यात एक ४०० एमबीची डिस्क सापडली, बाहेरून जळून-वितळून गेलेली. तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या यंत्रणेत बसवल्या, तर ९९ टक्के माहिती वाचता आली. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची ती माहिती होती, त्यावरचा शोधनिबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. आकाशातून पडलेली डिस्क वाचता येते, तर जामसरची का नाही?

डिस्क काढून मी माझ्या लॅपटॉपला जोडली. आजारी डिस्कवर थेट काम करायचं नाही हा पहिला नियम, आधी तिची जशीच्या तशी नक्कल घ्यायची. त्यासाठी अँटोनियो दियाझ दियाझ या प्रोग्रामरने लिहिलेलं डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे. त्याची रीत मला फार आवडते. खराब सेक्टर लागला की ते अडून बसत नाही, पुढे जातं, आधी सगळं सोपं उचलून घेतं आणि मग अवघड जागी परत परत येतं. कुठे काय वाचलं, कुठे राहिलं याचा नकाशा एका फाईलमध्ये लिहून ठेवतं. रात्री वीज गेली, माझी बॅटरीही संपली. सकाळी लाईट आल्यावर तीच कमांड पुन्हा दिली, तर काम थांबलं होतं तिथूनच सुरू झालं. आमच्या बाजूची वीज ओळखणाऱ्यानेच हे लिहिलं असावं.

रविवारी दुपारपर्यंत नक्कल तयार झाली. थोडे सेक्टर गेले ते गेलेच, आणि नेमके त्यांतच फोल्डरांचे पत्ते होते. मग क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं फोटोरेक वापरलं. ते पत्ता बघतच नाही. ते डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतं आणि ओळखीचा चेहरा शोधतं: फोटोची फाईल ठराविक बाईट्सनी सुरू होते, वर्डची तिच्या ठराविक बाईट्सनी. सापडेल ते बाहेर काढून क्रमांक देऊन ठेवतं. नावं मात्र जातात. हजारो फाईली समोर आल्या आणि जबाब कुठल्या ते कळायला मार्ग नव्हता.

एक फाईल उघडली तर सगळा रोमन अक्षरांचा चिवडा. गुरुजी म्हणाले, "गेलं वाटतं सगळं."

गेलं नव्हतं. ही दुसरी गोष्ट, आणि ही अस्सल आपली आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, त्यात देवनागरी होती, आपल्याच इस्की या भारतीय मानकावरून घेतलेली. विंडोज २००० पासून ती वापरताही येत होती. पण एक्सपीवर ती चालू करायची तर सेटिंगमध्ये शिरून विंडोजची सीडी घालावी लागायची, आणि ती सीडी कुणाकडे नसायची. त्यामुळे २००९ मध्येही गावोगावचे डीटीपीवाले कृतिदेव, श्रीलिपी, नाहीतर सीडॅकचे फॉन्ट वापरत होते. या फॉन्टमध्ये देवनागरी हा नुसता मुखवटा. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द ई, जे, के, बी, एच असा साठवला जातो. फॉन्ट असेल तर मराठी दिसेल, नसेल तर चिवडा. युनिकोडमध्ये 'म' म्हणजे २३५० हा क्रमांक, जगातल्या कुठल्याही फोनवर. कृतिदेवमध्ये 'म' म्हणजे तिथे बसवलेला 'ई'.

मोडीचंही हेच झालं आहे. पेशवे दफ्तरातले कागद सुखरूप आहेत, वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचकांची शोधाशोध झाली होती. आपण एक लिपी विसरायला काही दशकं घेतली. या फॉन्टांच्या बाबतीत पंधरा वर्षंही लागली नाहीत.

पण हाच मुखवटा कामाला आला. जुन्या वर्ड फाईलमध्ये रोमन मजकूर साध्या एकेका बाईटने साठवला जातो, म्हणजे फाईल न उघडताही आत शोधता येतो. 'जामसर' कृतिदेवमध्ये कसं लिहिलं जाईल? ज म्हणजे टी, काना म्हणजे के, म म्हणजे ई, स म्हणजे एल, र म्हणजे जे. ही पाच अक्षरं मी हजारो फाईलींत शोधायला लावली. काही सेकंदांत यादी आली. त्यांतल्या चौतीस फाईली जबाबाच्या निघाल्या.

मजकूर युनिकोडमध्ये आणायला छोटा प्रोग्राम लिहिला. नुसती अदलाबदल पुरत नाही. कृतिदेवची कळरचना रेमिंग्टन टाईपरायटरची, त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींची जागा उलटी. शिवाय 'दऱ्या', 'शेतकऱ्याचा' यांतला र मूळ टायपिस्टने तीन वेगवेगळ्या प्रकारे मारला होता. ते तीनही वेगळे हाताळावे लागले.

मग गुरुजी चष्मा लावून माझ्या शेजारी बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. एका आजीच्या जबाबात होतं, की सून लग्न होऊन आली त्या वर्षी मोहाच्या झाडापासून ओहोळापर्यंत बांध घातला आणि वाघदेवाच्या वरच्या अंगाला राब भाजला. गुरुजी मध्येच थांबून सांगायचे, ही अमक्याची आई, हा तमक्याचा आजा. दोन ठिकाणी ते म्हणाले, "हे असं नाही सांगितलं त्यानं, टाईप करणाऱ्यानं बदललंय." वहीत काय होतं ते त्यांना तोंडपाठ होतं. मी त्यांचं म्हणणं वेगळ्या रकान्यात लिहून घेतलं, मूळ मजकूर तसाच ठेवला.

चौतीसपैकी एकतीस जबाब पूर्ण मिळाले. दोन मध्येच तुटतात, त्यांतला एक गावदेवाच्या हद्दीचं वर्णन सुरू होतं तिथेच. एक फाईल वेगळ्याच फॉन्टमध्ये आहे, फाईलीत फॉन्टचं नाव लिहिलेलं आहे पण तो फॉन्ट मला अजून मिळालेला नाही. तिच्यात 'जामसर' एकदाच येतं, तेही शीर्षकात, कारण शीर्षक तेवढं कृतिदेवमध्ये आहे. तिच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. बाकीचे एकतीस छापून, पानापानावर क्रमांक घालून गुरुजींनी ग्रामसभेच्या कपाटात लावले.