घरच्या संगणकातील कुलपे

एकाच घरात एकाच संगणकावर वडिलांचे हिशेब, मुलाचा अभ्यास आणि आजीची छायाचित्रे नांदू लागली, म्हणजे कोणी काय पाहावे व कोणी काय पुसावे हा प्रश्न उभा राहतोच. परंतु हा प्रश्न मूळचा घरातला नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच अवाढव्य यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत दाखविली. यंत्र सामाईक झाले, तेव्हा कप्पे वेगळे करणे आले, आणि त्यांच्या रक्षणासाठी परवलीचे शब्दही आले.

त्याच दशकात तेथे एक विलक्षण प्रसंग घडला. मजकूर दुरुस्त करण्याचा प्रोग्रॅम एका कप्प्यात एकच माणूस काम करील असे गृहीत धरून रचलेला होता. त्यामुळे तात्पुरत्या फाइलीला तो नेहमी एकच नाव देई. व्यवस्थापकांचा कप्पा मात्र सामाईक होता. एका दुपारी एकजण दिवसाची सूचना लिहीत असता दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. दोन्ही फाइलींची अदलाबदल झाली, आणि यंत्रापुढे येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द टंकित होऊन मिळू लागले!

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी आरंभिली. तिच्यात पुढे स्थिरावलेली रचना आजही चालू आहे: मालक, त्याचा गट व इतर असे तीन वर्ग, वाचणे, लिहिणे व चालविणे असे तीन हक्क. त्यांचे अंक अनुक्रमे ४, २ व १. म्हणजे ७५० या आकड्याने मालकाला सर्व हक्क, गटाला वाचणे व चालविणे, आणि परक्याला काहीच नाही. यात एक खोच आहे. फोल्डरमध्ये लिहिण्याचा हक्क ज्याला आहे, तो सामान्यतः त्यातील दुसऱ्याची फाइलही पुसू शकतो, मग ती त्याला वाचता येवो वा न येवो. फाइल बंद करून फोल्डर मोकळा सोडणे म्हणजे पेटीला कुलूप घालून ती अंगणात ठेवणे होय.

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला, तो ही सारी व्यवस्था मागे टाकून. यंत्र एकाचे, मग परवानगी कोणाची घ्यावयाची? विंडोज ९५ मध्ये परवलीचा शब्द विचारणारी चौकट होती खरी. पण ती रद्द केली तरी आत जाता येत असे. खऱ्या परवानग्या १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये होत्या, परंतु ती मुख्यतः कचेऱ्यांसाठी. सामान्य घरांत त्या शिरल्या २००१ साली, विंडोज एक्सपीबरोबर. मॅकमध्येही त्याच वर्षी युनिक्सच्या पायावरील नवी प्रणाली आली.

तोवर संगणक इंटरनेटला जोडले गेले होते, आणि धोका शेजारच्या खोलीतला राहिला नव्हता. प्रोग्रॅम ज्याच्या नावाने चालतो, त्याचे हक्क त्याला मिळतात. एक्सपीची घरगुती खाती बहुधा सर्वाधिकारी असत; म्हणून एखादा दुष्ट प्रोग्रॅम चुकून उघडला, की साऱ्या घराच्या किल्ल्या त्याच्या हाती. जानेवारी २००७ मध्ये घरोघरी आलेल्या व्हिस्टाने म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या बदलापूर्वी संमती विचारण्यास आरंभ केला. लोक इतके त्रासले, की पुष्कळांनी ती विचारणाच बंद करून टाकली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये ती कमी करावी लागली.