ग्रीन बे पॅकर्स
ग्रीन बे पॅकर्स हा अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे शहराचा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ आहे. हा संघ नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) नॅशनल फुटबॉल कॉन्फरन्समधील उत्तर विभागात खेळतो. संघाने आजवर १३ अजिंक्यपदे मिळवली असून हा लीगमधील विक्रम आहे. सुमारे एक लाख लोकवस्तीच्या शहरातील हा संघ कोणा एका धनिकाच्या मालकीचा नसून तो सर्वसामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे.

स्थापना
कर्ली लँबो आणि स्थानिक पत्रकार जॉर्ज कॅल्हून यांनी ऑगस्ट १९१९ मध्ये संघाची स्थापना केली. लँबो नोकरीस असलेल्या इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्याने गणवेशासाठी पैसे दिले. त्यावरून संघास ‘पॅकर्स’ हे नाव पडले. १९२१ मध्ये संघास एनएफएलच्या पूर्वसूरी संघटनेत प्रवेश मिळाला. मात्र महाविद्यालयीन खेळाडू उतरवल्याबद्दल त्याच हंगामानंतर हे सदस्यत्व रद्द झाले. १९२२ मध्ये लँबो यांनी ते पुन्हा मिळवले.

सार्वजनिक मालकी
सततच्या आर्थिक ओढाताणीमुळे १९२३ मध्ये संघाचे रूपांतर ना-नफा संस्थेत करण्यात आले आणि नागरिकांना ५ डॉलर दराने भाग विकण्यात आले. पुढे प्रेक्षागारातून पडून जखमी झालेल्या एका प्रेक्षकाने केलेल्या दाव्यामुळे संघ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. त्यातून सावरण्यासाठी १९३५ मध्ये दुसरी भागविक्री झाली. त्यानंतर १९५०, १९९७, २०११ आणि २०२१ या वर्षांतही भागविक्री करण्यात आली. आज भागधारकांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे. या भागांवर लाभांश मिळत नाही आणि ते बाजारात विकताही येत नाहीत. संघ विकला गेल्यास येणारी रक्कम भागधारकांना न मिळता धर्मादाय कार्यास जावी, अशी तरतूद आहे. त्यामुळे संघ अन्य शहरात हलवण्यात कोणाचाही आर्थिक लाभ उरत नाही. एनएफएलचे सध्याचे नियम अशा मालकीस परवानगी देत नाहीत. पॅकर्सची व्यवस्था त्या नियमांपूर्वीची असल्याने अपवाद म्हणून टिकून आहे.

मैदान
१९५० च्या दशकात जुने मैदान अपुरे पडू लागले व नवे मैदान न बांधल्यास संघ शहराबाहेर जाण्याची भीती निर्माण झाली. १९५६ मध्ये मतदारांनी कर्जरोख्यांद्वारे निधी उभारण्यास मंजुरी दिली. या मोहिमेत कट्टर प्रतिस्पर्धी शिकागो बेअर्सचे जॉर्ज हॅलस यांनीही ग्रीन बे येथे येऊन भाषण केले होते. १९५७ मध्ये नवे मैदान खुले झाले. लँबो यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये त्यास ‘लँबो फील्ड’ हे नाव देण्यात आले.

लोम्बार्डी यांचा कालखंड
१९२९ ते १९४४ या काळात लँबो यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने सहा अजिंक्यपदे जिंकली. त्यानंतर उतरती कळा लागून १९५८ मध्ये संघास केवळ एक सामना जिंकता आला. १९५९ मध्ये विन्स लोम्बार्डी प्रशिक्षक झाले आणि क्वार्टरबॅक बार्ट स्टार यांच्यासह संघाने १९६१, १९६२, १९६५, १९६६ व १९६७ या हंगामांची अजिंक्यपदे तसेच पहिले दोन सुपर बोल जिंकले. ३१ डिसेंबर १९६७ रोजी उणे २५ अंश सेल्सियस तापमानात डॅलस काउबॉइजवर २१-१७ असा मिळवलेला विजय ‘आइस बोल’ म्हणून ओळखला जातो. लोम्बार्डी यांचे १९७० मध्ये निधन झाल्यावर सुपर बोलच्या चषकास त्यांचे नाव देण्यात आले.

नंतरचा काळ
सुमारे पाव शतकाच्या पडझडीनंतर १९९२ मध्ये प्रशिक्षक माइक होमग्रेन आणि क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह संघात आले. १९९६ च्या हंगामात संघाने न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ३५-२१ असा पराभव करून सुपर बोल जिंकला. ॲरन रॉजर्स यांच्या नेतृत्वाखाली २०१० च्या हंगामात पिट्सबर्ग स्टीलर्सवर ३१-२५ असा विजय मिळवून संघाने आपले तेरावे अजिंक्यपद पटकावले. २०२३ पासून जॉर्डन लव्ह हे संघाचे प्रमुख क्वार्टरबॅक आहेत.