राजव्यवहारकोश आणि निवृत्त नावे

कोपरीच्या बाजूने ठाणे स्थानकात शिरताना आम्हांला एक गोष्ट हटकून आठवते. पाटीवर 'ठाणे' असले तरी रेल्वेच्या कारभारात त्याचा संक्षेप अजून 'टीएनए' आहे. साहेबाच्या 'टाना'शीच तो अधिक जुळतो. पाटी एका दिवसात बदलता येते. संक्षेप मात्र तिकिटे, वेळापत्रके, आरक्षण अशा असंख्य ठिकाणांहून पुकारला जातो.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे हे रोजचे दुखणे. फंक्शनचे नाव बदलायचे तर नवे नाव द्यायचे, जुन्यावर 'हे वापरू नये' अशी सूचना लावायची आणि दोन्ही काही काळ चालू ठेवायची. पायथन भाषेत 'असर्टइक्वल्स' हे नाव २०११ साली असे निवृत्तीच्या वाटेला लावले. प्रत्यक्षात काढले २०२३ साली. 'काही काळ' तो हाच!

हाच उद्योग आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून, १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास, राजव्यवहारकोश सिद्ध झाला. (कर्ता रघुनाथ पंडित की धुंडिराज व्यास, हा वाद येथे बाजूस ठेवू.) फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हे त्याचे प्रयोजन. त्याचे दहा वर्ग आहेत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग इत्यादी. गडावरच्या कारभाऱ्याने दुर्गवर्ग पाहावा, लेखकाने लेखनवर्ग. अकारादी क्रमापेक्षा ही कामावार मांडणी आम्हांला अधिक शहाणपणाची वाटते. आणि कोश जुने नाव पुसत नाही. ते नव्याशेजारी मांडतो, म्हणजे जुना शब्द ठाऊक असलेल्यालाच नव्याचा पत्ता लागतो.

परिणाम मात्र सारखा झाला नाही. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, आणि ही नावे दरबारी रुळली. कारण ही पदे छत्रपतींच्या घरची. नाव कोणी कसे पुकारायचे हे दरबारच ठरवी. 'तारीख', 'वसूल', 'हुकूम' ह्यांचे तसे नव्हते. हे शब्द गावोगावच्या कुलकर्ण्यांच्या दप्तरांत आणि शेजारच्या राज्यांशी होणाऱ्या पत्रव्यवहारात मुरलेले होते. ज्या नावाला घराबाहेरून हाका येतात, ते घरधन्याच्या एकट्याच्या इच्छेने बदलत नाही. कोशकारांना हे कळत नव्हते असे मानणे अन्यायाचे होईल. हाती होते तेवढे त्यांनी केले.

पेशव्याची गोष्ट तर उफराटी. हा शब्द 'प्रधाना'ने हटवायचा होता. पण १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पद मिळाल्यावर तोच गाजला आणि १८१८पर्यंत राज्य करून गेला. आज 'पेशवा' इतिहासाच्या पुस्तकात आहे, तर 'प्रधान' हा 'पंतप्रधान' होऊन रोजच्या बातम्यांत. आणि दुर्गवर्ग असूनही रायगडाची वाट विचारणारा अजून 'किल्ल्यावर कसे जायचे?' असेच विचारतो.