सर्व्हरवरील जावास्क्रिप्ट आणि वितरित कॅश-समूह : जोडणीच्या जबाबदारीचा इतिहास

१. प्रस्तावना

गर्दीचे कोणतेही संकेतस्थळ उघडले असता पडद्यावर येणारी माहिती दर वेळी मूळ डेटाबेसमधूनच येते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिचा बराच भाग ‘कॅश’ नावाच्या मधल्या, तात्पुरत्या व शीघ्र स्मृतीतून येतो. मूळ फ्रेंच असलेल्या या शब्दाचा अर्थ वस्तू दडवून ठेवण्याची जागा असा असून रोख रकमेशी त्याचा येथे संबंध नाही. एका संगणकाची स्मृती अपुरी पडू लागली, तेव्हा अनेक संगणकांची स्मृती एकत्र योजून वितरित कॅश-समूह उभे राहिले. त्यातून एक प्रश्न अपरिहार्यपणे निर्माण झाला : हवी असलेली नोंद यांपैकी कोणत्या संगणकावर आहे, हे कोणी जाणावयाचे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्ट आज्ञावलीच्या संदर्भात मांडला आहे. प्रसिद्ध शोधनिबंध, प्रणालींची तांत्रिक विवरणे आणि संबंधित संस्थांनी स्वतः प्रकाशित केलेली बिघाडांची निवेदने ही या मांडणीची साधने होत. लेखाचे प्रतिपादन असे की, स्थानज्ञानाची जबाबदारी प्रारंभापासून बहुतांशी मागणी करणाऱ्या आज्ञावलीच्या, म्हणजे क्लायंटच्या बाजूस राहिली. तिचे स्वरूप पालटले, परंतु ती नाहीशी झाली नाही.

२. पूर्वपीठिका

संथ व मोठ्या स्मृतीपुढे लहान व शीघ्र स्मृती ठेवण्याची कल्पना केंब्रिज येथील मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडली. १९६८ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या संगणकात ती व्यापारी स्वरूपात अवतरली आणि ‘कॅश’ ही संज्ञा रूढ झाली. ही कॅश एकाच यंत्राच्या अंतर्भागात होती. कोणती माहिती कोठे आहे हे यंत्रच जाणत असे; आज्ञावली लिहिणाऱ्यास त्याची दखलही घ्यावी लागत नसे.

अनेक संगणकांच्या बाबतीत ही निश्चिंतता टिकणे शक्य नव्हते. सर्वांत सोपा उपाय असा की, नोंदीच्या नावावरून गणिती क्रियेने, म्हणजेच हॅशिंगने, एक संख्या काढावी, तिला सर्व्हरांच्या संख्येने भागावे आणि बाकी उरेल त्या क्रमांकाच्या सर्व्हरवर नोंद ठेवावी. मात्र चार सर्व्हरांचे पाच झाले की भाजक बदलतो आणि सुमारे ८० टक्के नोंदींचे स्थान चुकते. मग त्या सर्व नोंदी पुन्हा मूळ डेटाबेसकडे मागाव्या लागतात. १९९७ मध्ये डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लेविन प्रभृतींनी सुसंगत हॅशिंगची रीत मांडली. या रीतीत वरील उदाहरणात सुमारे २० टक्के नोंदीच हलवाव्या लागतात. याच संशोधनाच्या परंपरेतून १९९८ मध्ये अकामाय ही कंपनी स्थापन झाली.

३. मेमकॅशडी : परस्परांस न ओळखणारे सर्व्हर

२००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी मेमकॅशडी ही प्रणाली निर्माण केली. तिचे वैशिष्ट्य तिच्या साधेपणात आहे. समूहातील एका सर्व्हरला दुसऱ्याचे अस्तित्वही ठाऊक नसते. सर्व्हरांची यादी क्लायंटजवळ असते आणि नोंद कोठे ठेवावयाची, कोठे शोधावयाची, हे सर्वस्वी तोच ठरवितो. अर्थात ‘समूह’ ही वस्तू सर्व्हरांच्या खोलीत नसून क्लायंटच्या कल्पनेत असते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

या रचनेत एक धोका दडलेला होता. दोन भिन्न भाषांतील क्लायंट लायब्ररींनी, म्हणजे सर्व्हरशी बोलण्यासाठी लिहिलेल्या तयार आज्ञासंचांनी, वेगवेगळी हॅशिंग पद्धत वापरली, तर एकच नोंद दोन ठिकाणी राहते. एकाने ती बदलली तरी दुसरा जुनीच प्रत वाचीत राहतो. २००७ मध्ये लास्ट.एफएम या संगीतविषयक संकेतस्थळाच्या रिचर्ड जोन्स यांनी केटामा ही सुसंगत हॅशिंगची लायब्ररी खुली केली व तिची पद्धत अनेक भाषांतील क्लायंटांनी स्वीकारली. यामुळे सर्व्हर बदलले नाहीत. क्लायंटांमध्ये एकवाक्यता आली.

४. जावास्क्रिप्टचे सर्व्हरवर आगमन

जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी निर्माण केली. नेटस्केपने ती सर्व्हरवर चालविण्याचाही प्रयत्न केला होता, परंतु तो रुजला नाही. २००८ मध्ये गूगलने क्रोम ब्राउझरसोबत व्ही-८ हे वेगवान इंजिन खुले केले आणि त्याच्या आधारे रायन डाल यांनी २००९ मध्ये नोड.जेएस निर्माण केले.

नोडची कार्यपद्धती पूर्वीच्या सर्व्हर-भाषांहून निराळी होती. पूर्वी सामान्यतः प्रत्येक विनंतीस स्वतंत्र प्रक्रिया दिली जाई व उत्तर येईपर्यंत ती थांबून राही. नोडमध्ये एकच मुख्य धागा सर्व विनंत्या हाताळतो. मागणी पाठवून तो पुढील कामास लागतो आणि उत्तर आल्यावर पुन्हा तिकडे वळतो. परिणामी कॅशकडे जाणाऱ्या एकाच जोडणीवरून शेकडो वापरकर्त्यांच्या मागण्या एकामागोमाग एक जाऊ शकतात. रेडिसच्या सर्वसाधारण वापरात उत्तरांवर मागणीचा क्रमांक नसतो. ज्या क्रमाने मागण्या गेल्या, त्याच क्रमाने उत्तरे येतात, या विश्वासावर क्लायंट प्रत्येक उत्तर त्याच्या धन्याच्या हाती देतो. वेग व काटकसर यांचा हा लाभ मोठा आहे. तथापि रांगेतील एक जागा चुकली तर पुढील सर्व उत्तरे चुकीच्या हाती पडतात.

५. रेडिस क्लस्टर : नकाशा व त्याची प्रत

इटलीचे साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये रेडिस प्रसिद्ध केले. एप्रिल २०१५ मधील तिसऱ्या आवृत्तीत रेडिस क्लस्टर स्थिर स्वरूपात आले. येथे नोंदींचा सर्व अवकाश १६,३८४ कप्प्यांत विभागला असून प्रत्येक कप्पा एका मुख्य सर्व्हरच्या स्वाधीन असतो. सर्व्हर आता परस्परांस ओळखतात व कप्प्यांच्या मालकीचा नकाशा स्वतः राखतात.

तथापि क्लायंटची सुटका झाली नाही. आयओरेडिससारखी जावास्क्रिप्ट लायब्ररी प्रथम दिलेल्या काही पत्त्यांपैकी एका सर्व्हरशी संपर्क साधते, त्याच्याकडून नकाशा मागविते, आवश्यकतेनुसार इतर सर्व्हरांशी जोडण्या उघडते आणि प्रत्येक नोंदीचा कप्पा स्वतः गणिताने काढते. नकाशाची ही प्रतही एक कॅशच होय आणि तीही शिळी होऊ शकते. मागणी चुकीच्या दारी गेल्यास सर्व्हर ‘मूव्ह्ड’ असे उत्तर देऊन योग्य पत्ता कळवितो व क्लायंटने नकाशा सुधारावा अशी अपेक्षा असते. कप्प्याचे स्थलांतर चालू असता ‘आस्क’ हे उत्तर मिळते. तेव्हा केवळ ती एक मागणी दुसरीकडे न्यावयाची, नकाशा बदलावयाचा नाही. सर्व्हर मागणी स्वतः पुढे पोहोचवीत नाही. तो दिशा सांगतो, चालावे क्लायंटनेच लागते.

६. सांध्यावरील बिघाड

२३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुकचे संकेतस्थळ सुमारे अडीच तास बंद पडले. कंपनीच्या निवेदनानुसार, कॅशमधील रचनाविषयक मूल्य अयोग्य आढळल्यास क्लायंटने ते मूळ साठ्यातून आणून सुधारावे अशी स्वयंचलित व्यवस्था होती. त्या दिवशी मूळ साठ्यातीलच मूल्य अयोग्य ठरले. प्रत्येक क्लायंट एकाच वेळी डेटाबेसकडे धावला. डेटाबेस दमल्यामुळे आलेली त्रुटीही क्लायंटने ‘अयोग्य मूल्य’ मानली व कॅशमधील नोंद पुसून टाकली. त्यामुळे मागण्या आणखी वाढल्या. प्रत्येक क्लायंटचे वर्तन सुटेपणी समर्थनीय होते. एकत्रितपणे ते विनाशक ठरले.

अशा झुंडीवरील एक उपाय फेसबुकच्याच २०१३ च्या शोधनिबंधात आढळतो. नोंद नसल्यास कॅश-सर्व्हर एकाच क्लायंटला ती आणण्याचा परवाना देतो व इतरांस थोडे थांबावयास सांगतो. काही विशिष्ट नोंदींच्या बाबतीत डेटाबेसवरील कमाल भार यामुळे सेकंदाला १७,००० प्रश्नांवरून १,३०० वर आल्याचे त्यात नोंदविले आहे.

दुसरी घटना २० मार्च २०२३ ची. ओपनएआयच्या चॅटजीपीटी सेवेत काही वापरकर्त्यांना इतरांच्या संभाषणांची शीर्षके दिसली. नऊ तासांच्या एका कालखंडात सक्रिय असलेल्या सशुल्क सदस्यांपैकी १.२ टक्के व्यक्तींची देयकविषयक काही माहितीही उघड झाली असण्याची शक्यता कंपनीने मान्य केली. दोष रेडिस क्लस्टरमध्ये नव्हता. तो पायथॉन भाषेतील क्लायंट लायब्ररीत होता. मागणी पाठविल्यावर, परंतु उत्तर उचलण्यापूर्वी ती रद्द झाली, तर जोडणीवरील रांगेची जागा सरकत असे. भाषा निराळी असली तरी क्रमावर विसंबणारी हीच रचना नोडमधील क्लायंटही वापरतात. रद्द झालेल्या मागणीचे उत्तरही रांगेतून उचलून टाकून द्यावे लागते, हा धडा म्हणून भाषातीत आहे.

७. मालकीचा प्रश्न

मार्च २०२४ मध्ये रेडिस कंपनीने आपला उदार बीएसडी परवाना बदलून बंधने घातली. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की ही स्वतंत्र शाखा घोषित झाली. मे २०२५ मध्ये आठव्या आवृत्तीसोबत रेडिसने एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्यायही दिला. व्हॅल्कीने संवादाची तीच भाषा राखल्यामुळे प्रचलित क्लायंट तिच्याशीही बोलू शकले. सर्व्हरच्या मालकीवर वाद झाला. जोडणीची सर्वमान्य भाषा मात्र कोणा एकाच्या ताब्यात राहिली नाही.

८. निष्कर्ष

मेमकॅशडीच्या काळात क्लायंटने स्थान स्वतः ठरविले, रेडिस क्लस्टरच्या काळात त्याने स्थानाचा नकाशा बाळगला. दोन्ही काळांत समूहाची अखंडता त्याच्या विवेकावर अवलंबून राहिली. म्हणून ‘जोडणी’ ही पत्ता लिहिण्याची किरकोळ बाब मानणे इतिहासाला धरून नाही. प्रारंभी एकाहून अधिक पत्ते देणे, प्रतीक्षेस मर्यादा घालणे, फेरप्रयत्न वाढत्या अंतराने व मोजकेच करणे, त्रुटी आणि अयोग्य मूल्य यांत भेद राखणे आणि कॅश नसताना मूळ डेटाबेसवर किती भार टाकावयाचा हे आधीच ठरविणे, ही सर्व कर्तव्ये जोडणाऱ्याची आहेत. डेटाबेस व सर्व्हर यांच्याइतकाच त्यांना जोडणारा आज्ञासंच अभ्यासविषय व्हावा, हे या इतिहासाचे सांगणे आहे. २०१० व २०२३ मध्ये ज्यांना त्याची झळ पोहोचली, त्या सामान्य वापरकर्त्यांना कॅश हा शब्दही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.