वाटाड्या कोठें असावा?

दूरदूरच्या संगणकांना जोडणाऱ्या जाळ्यांत वाट शोधण्याचें काम कोणीं करावें? निरोप धाडणाऱ्या व घेणाऱ्या टोंकांच्या यंत्रांनीं, कीं मधल्या जाळ्यानें? वरवर पाहतां हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा वाटतो. परंतु जबाबदारी कोणावर आणि सत्ता कोणाकडे, हा राज्यशास्त्रांतील जुना वादच त्यांत दडलेला आहे.

इ. स. १९६७ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील ॲन आर्बर येथें लॅरी रॉबर्ट्स यांनीं नियोजित 'आर्पानेट' जाळ्याची कल्पना संशोधनकेंद्रांच्या प्रमुखांपुढें मांडली. प्रत्येक केंद्रांतील मोठ्या संगणकानेंच निरोपांची नेआण करावी, असा मूळ बेत होता. तो पुष्कळांना रुचला नाहीं. आपल्या महागड्या यंत्राचा वेळ परक्यांच्या निरोपांवर कां खर्चावा, असें त्यांना वाटलें. तेव्हां वेस्ली क्लार्क यांनीं तोड सुचविली: प्रत्येक ठिकाणीं एक लहान संगणक निराळा ठेवावा व हें काम त्याजवर सोंपवावें. तदनुसार १९६९ मध्यें 'इम्प' नांवाचीं यंत्रें बसलीं. तीं शेजारच्या यंत्रांची वरचेवर विचारपूस करून कोणत्या वाटेनें निरोप लवकर पोंचेल याचा तक्ता ठेवीत. अशा रीतीनें वाटाड्या जाळ्यांत आला.

परंतु निरोपाचे तुकडे जुळवून ते क्रमवार स्वाधीन करण्याचें कामही या वाटाड्यानें अंगावर घेतलें होतें. फ्रान्समध्यें लुई पूझँ यांनीं १९७२ च्या सुमारास आरंभिलेल्या 'सिक्लाद' जाळ्यांत हें ओझें उतरविलें. जाळ्यानें प्रत्येक तुकडा सुटा मानून पुढें ढकलावा. क्रम लावणें, हरवलेलें पुन्हा मागणें, हें टोंकांनीं पाहावें, असा त्यांचा सिद्धांत. टेलिफोन चालविणाऱ्या सरकारी खात्यांना तो मानवला नाहीं. सर्व हमी जाळ्यानेंच द्यावी, असा त्यांचा आग्रह, आणि १९७६ च्या 'एक्स-२५' नियमांत तोच उतरला. सिक्लादचा पैसा आटला. विचार मात्र टिकला. सर्फ व कान यांनीं १९७४ मध्यें मांडलेल्या योजनेंत तो आला, आणि १ जानेवारी १९८३ रोजीं आर्पानेटनें त्याच परंपरेंतील नियम स्वीकारले.

या वांटणीची कसोटी लवकरच लागली. १९८६ च्या ऑक्टोबरांत बर्कली येथील प्रयोगशाळा व विद्यापीठ यांमधील अवघ्या चारशें यार्डांच्या अंतरावर वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. गर्दी वाढे तों तों टोंकें तेच निरोप पुन्हा धाडीत आणि गर्दींत भरच घालीत. व्हॅन जेकबसन यांनीं १९८८ मध्यें उपाय प्रसिद्ध केला: तुकडा हरवला कीं धाडणाऱ्यानें हात आंखडावा. हा संयम मधल्या यंत्रांवर न लादतां टोंकांच्या यंत्रांनाच शिकविण्यांत आला.

मग वाट ठरविण्याचें कामही टोंकांकडेच कां देऊं नये? १९८१ च्या नियमांत धाडणाऱ्यानें आपली वाट स्वतः सांगण्याची सोय होती. पण तिचा दुरुपयोग सुलभ असल्यानें जाळीं चालविणाऱ्यांनीं ती बहुतेक ठिकाणीं बंद केली, व नव्या आवृत्तींतील तशाच सोयीला २००७ मध्यें अधिकृत मूठमाती मिळाली. कारण स्पष्ट आहे. आज कोणता पूल मोडला हें दूरच्या प्रवाशास ठाऊक नसतें. तें नाक्यावर उभा असणाराच जाणतो. उलट निरोप पुरता पोंचला कीं नाहीं, हें घेणाराच सांगूं शकतो.

तथापि नाक्यावरचा माणूस निर्दोष असतोच असें नव्हे. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं यूट्यूब आपल्या देशापुरतें अडवूं पाहणाऱ्या पाकिस्तान टेलिकॉमची खोटी वाट-घोषणा देशाबाहेर गेली, शेजाऱ्यांनीं ती खरी मानली, आणि जगाच्या बऱ्याच भागांत तें स्थळ सुमारें दोन तास दुर्गम झालें.

यावरून बोध इतकाच कीं, ज्ञान जेथें असेल तेथें जबाबदारी असावी: वाटेची जबाबदारी वाटाड्याकडे, निरोपाची धन्याकडे. मात्र वाटाड्याचा शब्द पारखून घेण्याची सोय नसेल, तर सोंपविलेली जबाबदारी सत्ता होऊन बसते.